नेदरलँड्सला कुटुंबासह यावे का, या प्रश्नाला उत्तर

आपण पुण्यात रुग्णालयांच्या माहितीप्रणालीवर काम करता, लायडनमध्ये फार्माकोजेनोमिक्सच्या, म्हणजे रुग्णाच्या जनुकांवरून औषध व मात्रा ठरवण्याच्या शास्त्रातल्या, पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या संशोधनाची) संधी आली आहे, आणि पत्नी व नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन यावे का, असे आपण विचारले आहे. व्हिसा, पगार आणि करसवलत यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेली आहे. ती मी पुन्हा सांगत नाही.

विषयापुरते म्हणाल, तर देश योग्य निवडलात. येथील फार्मासिस्टांच्या संघटनेने २००५ मध्येच या कामासाठी कार्यगट नेमला. त्याच्या शिफारशी देशभरातील फार्मसींच्या संगणकांत असतात, त्यामुळे रुग्णाचा जनुकीय अहवाल नोंदलेला असला की औषध देतानाच पडद्यावर इशारा येतो. लायडनच्या नेतृत्वाखाली सात युरोपीय देशांत ६,९४४ रुग्णांवर झालेला, बारा जनुकांच्या चाचणीचा अभ्यास २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि औषधांचे दुष्परिणाम सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. मात्र त्या बारांत टीपीएमटी हे जनुक होते, एनयूडीटी१५ हे नव्हते. अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधाची मात्रा ठरवताना ही दोन्ही बघावी लागतात. आणि अझाथायोप्रिनमुळे पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटण्यामागे आपल्याकडच्या रुग्णांत या दुसऱ्या जनुकाचा वाटा मोठा असतो. ब्रिटनमधील बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांच्या अभ्यासात ५७ टक्के लोकांमध्ये क्लोपिडोग्रेल हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध शरीरात पूर्णपणे कार्यान्वित होऊ न देणारे सीवायपी२सी१९ या जनुकाचे रूप आढळले. माझ्या वडिलांना सांगलीत अँजिओप्लास्टीनंतर हेच औषध सुरू आहे, त्यांचा जनुकीय अहवाल कोणत्याही प्रणालीत नाही, आणि मी दिवसभर ज्यांच्या नोंदी वाचते ते बहुतेक सगळे युरोपीय वंशाचे आहेत. याचे काय करायचे, हे मला अजून उमगलेले नाही.

डच मात्र निघण्यापूर्वीच शिकायला लागा. प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभावते. पण रुग्णाला रक्तस्राव झाला का, गोळी का बंद केली, हे कोणत्याही रकान्यात सापडत नाही, ते डॉक्टरांनी घाईत संक्षेपांनी लिहिलेल्या डच ओळीत असते. त्या ओळी वाचण्याची परवानगी मिळायलाही अनेक महिने लागतात, तेव्हा मुलाखतीतच विचारून घ्या की प्रकल्पाला ती मिळालेली आहे की आपण आल्यावर अर्ज करायचा आहे.

कागदपत्रांबद्दल एवढेच सांगते की मुलाचा जन्मदाखला आजच काढून बघा. आमच्या मुलीची नोंद बारशाआधी झाल्यामुळे दाखल्यावर तिचे नावच नव्हते. ते घालून घेणे, मग राज्याचे साक्षांकन, मग अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), अशा फेऱ्या सासऱ्यांनी भर उन्हाळ्यात मारल्या. एवढे करूनही पासपोर्टवर तिच्या नावापुढे वडिलांचे नाव असल्याने येथे दोन्ही मिळून तिचे पाळण्यातले नाव ठरले, आणि शाळेच्या हजेरीत ती कित्येक दिवस बापाच्या नावाने हाक ऐकत राहिली.

शाळेचा विषय निघाला की माझा आवाज अजून चढतो. येथे प्राथमिक शाळेच्या आठव्या गटात, म्हणजे साधारण बाराव्या वर्षी, मूल पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाखेत जाणार की व्यावसायिक शिक्षणाकडे, याचा सल्ला शिक्षक देतात. आमची मुलगी गणितात वर्गात सर्वांच्या पुढे होती, पण तिचे डच कच्चे होते, आणि सल्ला त्या डचला मिळाला. आठव्या गटातच होणाऱ्या चाचणीत ती वर गेली, तरीही सल्ला बदलला नाही. सरासरीवरून एका माणसाची मात्रा ठरवू नये, हे मी कामावर रोज मांडते. त्या खोलीत मात्र मान डोलावून बाहेर आले. २०२३-२४ पासून चाचणीचा निकाल वरचा असेल तर सल्ला सहसा वर न्यावाच लागतो, त्यामुळे आपल्या मुलाला तेवढा आधार आहे. आमची ती आता चांगली शिकते आहे, असे सगळे म्हणतात, तीही म्हणते. मला ते पटत नाही.

एकाकीपणाबद्दल आपण दोनदा विचारले आहे. पहिला हिवाळा जड जातो, दुसऱ्यात सायकल येते, आणि गणपतीला माणसे भेटतात. त्यावर एवढा विचार करू नका.

नऊ वर्षांच्या मुलाला आणायचे असेल, तर याच उन्हाळ्यात आणा, म्हणजे आठव्या गटापूर्वी त्याला नवागतांच्या भाषावर्गात पुरेसा काळ मिळेल. आपण आधी एकट्याने येऊन दोन वर्षांनी कुटुंबाला बोलावण्याचा बेत लिहिला आहे. दुसरे काहीही ऐकले नाहीत तरी चालेल, पण तो बेत सोडा.