जुनं जहाज तोडलं की लोखंड भट्टीतच जातं, मग प्रदूषण कशाचं?

तुम्ही उद्यमबागेत फाउंड्रीत काम करता म्हटल्यावर हा प्रश्न पडणारच, आपल्या बेळगावात भंगार दिसतं ते नुसतं लोखंड म्हणून. जहाजाचा बहुतेक भाग पोलादच असतो आणि ते पुन्हा वितळवणं चांगलंच. विष असतं ते उरलेल्या भागात: इंजिनखोलीतल्या पाइपांभोवतीचं अ‍ॅस्बेस्टॉस, जुन्या केबलींतलं पीसीबी नावाचं विषारी रसायन, टाक्यांच्या तळाचा तेलकट गाळ, रंगातलं शिसं. गुजरातेत अलंगला १९८३ पासून भरतीच्या पाण्यावर जहाज किनाऱ्यावर चढवून तोडतात. तेल, रंगाच्या खपल्या वाळूत पडल्या की पुढची भरती त्या समुद्रात ओढून नेते.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते गॅस कटर चालवणाऱ्यांचं. रंगासकट पत्रा कापताना शिशाचा धूर थेट छातीत जातो. अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार तर २०-३० वर्षांनीसुद्धा उघडा पडतो, तोवर माणूस काम सोडून गावी परतलेला असतो.

२०१९ मध्ये भारताने जहाजं तोडण्याच्या कामासाठी कायदा केला. जहाजं सुरक्षितपणे तोडण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू आहे, त्यात जहाजावरच्या घातक मालाची यादी सक्तीची आहे.

तुमच्या भट्टीत रंग लागलेले जाड पत्रे येत असतील, तर धूर ओढून घेणारी यंत्रणा चालू आहे का, हे मालकांना आजच विचारा.