नुसतं वाचत राहणं म्हणजे शिकणं का?

प्रश्न : मी सहावीला गणित शिकवते. शिक्षकांच्या एका ऑनलाइन गटात सहा महिने आहे, पण अजून एक शब्दही लिहिलेला नाही. सगळेच जाणकार वाटतात. असं गप्प राहून काही पदरात पडतं का?

उत्तर : पडतं, नक्की पडतं. माणसं कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’, म्हणजे एकच काम करता करता एकमेकांकडून शिकणारा गट, ही संकल्पना मांडली. लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांचं काम जवळून पाहिलं होतं. तिथला शिकाऊ आधी बटणं लावायचा, कडा दुमडून शिवायचा. कापडाला कात्री लावणं शेवटी. कडेला बसून बघणं हाही शिकण्याचाच भाग.

पण कडेलाच मुक्काम ठोकू नका. मीही वर्षभर गप्प होते. मग एका मुलीच्या वहीचं पान गटात टाकलं : १/२ + १/३ = २/५. ‘कितीदा समजावलं तरी पुन्हा तेच,’ एवढंच लिहिलं. तासाभरात कुणीतरी विचारलं, ‘२/५ हे १/२ पेक्षाही लहान आहे, हे तिला दाखवलंत का?’ छेद समान करण्याची रीत मी दहादा सांगितली होती, हे मात्र एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कागदाच्या पट्ट्या घेऊन बसलो. तिनं आपणहून उत्तर खोडलं.

म्हणून नुसता सल्ला मागू नका, वहीचं पान दाखवा (मुलाचं नाव झाकून). आणि वर्गात करून पाहिल्यावर काय झालं ते गटात येऊन सांगा. फसलं तर तेही. या आठवड्यात एक पान टाकाच.