शाळेच्या मंचावर नातीची बंदिश: आधी प्रवेश अर्ज काढा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका आजोबांचं पत्र आलंय. नात नववीत आहे. शाळा सीबीएसईची, चालवणारा एक धार्मिक न्यास, सरकारी अनुदान नाही. वार्षिकोत्सवात नातीला एक पारंपरिक छोटा ख्याल गायचा होता. बंदिशीत एका सूफी पीराचं नाव येतं. शाळा म्हणाली, हे चालणार नाही, न्यासाच्या यादीतलं भजन गा. नातीनं नकार दिला. मग तिचा हाऊस कॅप्टनचा बिल्ला काढून घेतला, तिला सामूहिक भजनाच्या तालमीला बळंच उभं केलं आणि 'अंतर्गत गुणांचं बघून घेऊ' असं भर वर्गात ऐकवलं. आजोबा विचारतात, नातीला तिची बंदिश गायला मिळावी म्हणून हायकोर्टात जाता येईल का?

थंडीच्या तोंडावर माझ्यासारख्या वकिलाकडे अशी पत्रं येतातच. एका शाळेला चित्रपटगीत नको असतं, दुसरीला अभंग नको, तिसरीला तर तबलापेटीच नको. धर्म बदलतो, पत्र तेच असतं. म्हणून हे उत्तर एकट्या लष्करवाल्या काकांसाठी नाही.

काका, तुमच्या पत्रात जवळजवळ तीन पानं बंदिशीवर आहेत. राग, ताल, गुरुजी कोणाच्या तालमीतले, सगळं आहे. प्रवेश अर्जाबद्दल मात्र दीड ओळ: 'चिरंजीवांनी मोबाईलवर काहीतरी भरलं होतं, त्याची प्रत सोबत जोडली आहे.' जोडलीत हे फार बरं केलंत. तुमचं सगळं प्रकरण त्या प्रतीतल्या अकराव्या कलमात आहे. मूळ मजकूर हिंदीत आहे, त्याचा मतलब असा: माझा पाल्य संस्थेच्या प्रार्थना, सत्संग व सांस्कृतिक कार्यक्रमांत संस्थेच्या परंपरेनुसार सहभागी होईल; कार्यक्रमाच्या निवडीबाबत प्राचार्यांचा निर्णय अंतिम राहील. खाली 'मान्य आहे' अशी खूण. ही खूण चिरंजीवांनी दरवर्षी एप्रिलमध्ये शुल्क भरताना केली आहे. एकदाही न वाचता, असं तुम्हीच लिहिता. बँकेच्या कर्जाची कागदं वाचणारी माणसं शाळेची का वाचत नाहीत, हे मला आजवर कळलेलं नाही.

या कलमाचे दोन तुकडे आहेत आणि तुम्ही चुकीच्या तुकड्याशी भांडताय.

दुसरा तुकडा, म्हणजे निवड प्राचार्य करतील, तो शाळेच्या बाजूचा आहे आणि बहुतेक टिकेल. मंच शाळेचा, माईक शाळेचा, वेळ शाळेची. कुणी काय गायचं हे ठरवण्याचा अधिकार खासगी शाळेला आहे, मग तिचं कारण तुम्हाआम्हाला कितीही कोतं वाटो. ज्या गावात तानसेन समारोहाची सुरुवात ढोलीबुवांच्या हरिकथेनं आणि मिलादनं, म्हणजे मुस्लिम धर्मगायनानं, होते, त्या गावातल्या शाळेला पीराचं नाव टोचावं याचं मलाही वाईट वाटतं. याचिकेत ही ओळ शोभून दिसेल. न्यायमूर्ती मान डोलावतील आणि पुढचा प्रश्न विचारतील: शाळेकडे लेखी अर्ज कधी केलात, त्याची पोच दाखवा. तुमच्याकडे ती नाही. ऑगस्टमध्ये परिपत्रक आलं, सप्टेंबरमध्ये तोंडी नकार मिळाला, आणि तेव्हापासून आत्तापर्यंत तुमच्या घरानं काय केलं तर वर्गशिक्षिकेला व्हॉट्सॲपवर हात जोडलेली चित्रं पाठवली.

आता कायद्याचं. २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात घटनापीठाच्या बहुमतानं म्हटलं की घटनेच्या कलम १९ (अभिव्यक्ती वगैरे स्वातंत्र्यं) आणि कलम २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांचे हक्क सरकारव्यतिरिक्त इतरांविरुद्धही बजावता येतात. तरुण वकील तो निकाल मोठ्या उमेदीनं घेऊन येतात. पण तिथून 'खासगी शाळेनं मला गायला मंच द्यावाच' इथपर्यंत न्यायालय चालत येईल, असं मला वाटत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, सेंट मेरीज एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की खासगी शाळेविरुद्ध रिट, म्हणजे थेट हायकोर्टात हक्कांसाठीची याचिका, करायची तर तक्रारीत सार्वजनिक कर्तव्याचा अंश दिसला पाहिजे. ते प्रकरण आपल्या मध्य प्रदेशातूनच वर गेलेलं, त्यामुळे इथले सगळे शाळावाले वकील ते खिशात घेऊन फिरतात. वार्षिकोत्सवातलं गाणं हे सार्वजनिक कर्तव्य आहे असं पटवायला माझ्याकडे फारसं काही नाही.

पहिल्या तुकड्याची गोष्ट वेगळी आहे.

घटनेचं कलम २८(३) सांगतं की सरकारनं मान्यता दिलेल्या किंवा सरकारी निधीतून मदत मिळणाऱ्या संस्थेत शिकणाऱ्या कोणालाही तिथल्या धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला वा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही, त्याची संमती नसेल तर. आणि तो अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर त्याच्या पालकाची संमती नसेल तर. 'आमच्या शाळेला अनुदान नाही, म्हणून घटना लागू नाही' हे प्राचार्यांनी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही ऐकून घेतलंत. शाळेला मान्यता आहे ना? मग एवढं पुरे. शाळा अल्पसंख्याकांची असती तरीही हे कलम असंच लागलं असतं.

म्हणजे गोष्ट अशी उरते: तिची बंदिश गाण्याचा तुमच्या नातीचा हक्क लंगडा आहे, त्यांचं भजन न गाण्याचा हक्क भक्कम आहे. १९८६ चा बिजो इमॅन्युएल निकाल याच वाटेनं गेलेला. केरळात यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला अदबीनं उभी राहत, पण गात नसत. नायर समाजाच्या संस्थेच्या त्या शाळेनं त्यांना काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयानं परत घ्यायला लावलं. जिथे राष्ट्रगीताला गप्प उभं राहता येतं, तिथे न्यासाच्या भजनाचं काय घेऊन बसलात?

पण त्या निकालात एक अट दडलेली आहे. त्या मुलांची श्रद्धा खरी, मनापासूनची होती, हे न्यायालयानं पाहिलं. तुम्ही लिहिता की नात घरी एकादशीला हौसेनं भजनं म्हणते. शाळेचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील, आणि मग सगळं प्रकरण 'मनासारखं गाणं मिळालं नाही म्हणून रुसवा' असं दिसायला लागेल. म्हणून मी बिजो इमॅन्युएलवर सगळा भार टाकणार नाही, २८(३) वर टाकेन. तिथे श्रद्धा सिद्ध करावी लागत नाही. संमती आहे की नाही, एवढंच.

आणि तुमची संमती आहे. अकराव्या कलमाखाली, दरवर्षीची.

ती मागे घेता येते का? कलमात मागे घेण्याबद्दल शब्द नाही. माझं मत असं की एप्रिलमध्ये दिलेली संमती डिसेंबरमध्ये काढून घेता येते, कारण उपासना रोज होते आणि संमतीही रोजची लागते. कोर्टात मी हेच मांडेन. न्यायालय मान्य करेलच अशी हमी मात्र देत नाही. एवढं नक्की की संमती मागे घेतल्याचा कागद नसताना माझ्याकडे मांडायलाही काही नाही.

शाळा दुसरंही एक म्हणेल: हा सांस्कृतिक कार्यक्रम आहे, उपासना नव्हे. या बचावात जोर आहे. संतांचं चरित्र किंवा धर्मांची ओळख शिकवणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं न्यायालयांनी पूर्वी म्हटलेलं आहे. १९७१ चा डीएव्ही कॉलेजचा आणि २००२ चा अरुणा रॉय यांचा निकाल त्यासाठीच वाचून दाखवतील. पण ऑगस्टचं परिपत्रक नीट बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तिसऱ्या ओळीत 'सामूहिक आराधना' असं छापलंय, आणि खाली 'पादत्राणे काढून, हात जोडून' अशी सूचना आहे. हे शाळेचे स्वतःचे शब्द. तो कागद फोटोवर सोडू नका, मूळ प्रत जपून ठेवा. कार्यक्रमात आरती होणार असेल तर कार्यक्रमपत्रिकाही ठेवा.

आता पत्र. ते तुम्ही लिहायचं नाही, काका. राग मानू नका, पण अज्ञान मुलीचे पालक तिचे आईवडील. आजोबांची सही चालणार नाही. मुलगा आणि सूनबाई दोघांनी सही करावी. मजकूर एका पानाच्या आत: कलम ११ मधील प्रार्थना, सत्संग व आराधनेतील सहभागाची संमती आम्ही घटनेच्या कलम २८(३) खाली आजपासून मागे घेत आहोत, मुलीला सामूहिक आराधनेच्या तालमीतून मोकळं करावं, त्याचा तिच्या गुणांवर व पदावर परिणाम होऊ नये, बिल्ला का काढला याचं कारण लेखी द्यावं. बस. बंदिशीचा ब सुद्धा त्यात नको. तुमच्या पत्रातलं ग्वाल्हेर घराण्याचं सुंदर पान तर मुळीच नको. ज्या क्षणी बंदिश आत येते त्या क्षणी वाद पुन्हा मंचावर जातो आणि मंच शाळेचा आहे.

'रोजच्या प्रार्थनेचं काय' हे घरात आधी ठरवा. त्यातूनही मुलीला काढायचं नसेल तर पत्रात फक्त आराधनेच्या कार्यक्रमापुरतंच लिहा. अर्धं मनात ठेवून सगळं मागे घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी मुलगी प्रार्थनेला हात जोडून उभी दिसली, तर तो फोटो शाळा जपून ठेवील.

गुणांच्या धमकीबद्दल. सीबीएसईत नववीला विषयाचे २० गुण अंतर्गत असतात, म्हणून तुमची धास्ती खोटी नाही. दहावीची नोंदणी नववीतच होते आणि मग शाळा बदलणं अवघड जातं, हे प्राचार्यांनाही ठाऊक आहे. आजवर तपासलेल्या वह्या, प्रकल्प, चाचण्यांचे कागद यांचे फोटो तारखेसह काढून ठेवा. गुण खरंच कापले तर जिल्हा शिक्षण अधिकारी आणि सीबीएसईचं भोपाळचं विभागीय कार्यालय, दोन्हीकडे तक्रार करा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मानसिक छळाला मनाई करतं, पण त्या कायद्यात 'बालक' चौदा वर्षांपर्यंतचंच. नातीची जन्मतारीख तुम्ही लिहिलेली नाही.

चिरंजीवांना कोणीतरी सुचवलंय की मध्य प्रदेशच्या २०२१ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याखाली पोलिसांत जा. अजिबात जाऊ नका. तो कायदा धर्मांतराचा आहे. भजन गायला लावल्यानं कोणाचं धर्मांतर होत नाही, आणि अशी तक्रार एकदा कागदावर आली की पुढच्या प्रत्येक न्यायालयात तुमची गंभीर तक्रारही कुणी गंभीरपणे घेणार नाही.

हायकोर्टाचं म्हणाल, तर वार्षिकोत्सव तोंडावर आलाय, त्यामागून नाताळची सुट्टी. आज याचिका टाकली तरी ती यादीवर येईपर्यंत मांडव उतरलेला असेल आणि 'आता विषयच उरला नाही' म्हणून निकाली निघेल. केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या जानेवारीत मोठ्या पीठाकडे पाठवायला सांगितली. तेव्हा त्या प्रार्थनेला उभी राहणारी कितीतरी मुलं एव्हाना शाळा संपवून बाहेर पडली. तुमच्या नातीला नववी-दहावी काढायची आहे, पायंडा पाडायचा नाही. संमती मागे घेतल्यावरही शाळेनं बळजबरी केली किंवा मुलीला काढण्याची नोटीस दिली, तर मात्र लगेच या. त्यात सार्वजनिक कर्तव्याचा अंश दाखवता येईल आणि तेव्हा मी सुट्टीतल्या न्यायमूर्तींपुढेही उभा राहीन.

पत्र हाती देऊन शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शिपाई 'साहेब नाहीत' म्हणाला तर वाद न घालता त्याच दिवशी स्पीड पोस्टनं आणि शाळेच्या ईमेलवर पाठवा. नव्या सत्राच्या शुल्काची लिंक येईल तेव्हा अकरावं कलम पुन्हा तिथेच असेल. खूण करण्याआधी ईमेलनं हरकत नोंदवा. खुणेशिवाय पुढचा पडदा उघडतच नसेल, तर त्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या, खूण करा, शुल्क भरा, आणि 'हरकत राखून भरले आहे' असं त्याच दिवशी लेखी कळवा. हे काम चिरंजीवांवर सोडू नका, सूनबाईंना सांगा.