नागपुरात घराच्या गॅरेजला नवीन शटर बसवायला किती खर्च येतो?

साध्या हाताने उघडायच्या लोखंडी रोलिंग शटरला चौरस फुटामागे साधारण २०० ते ३५० रुपये धरा. मात्र मोजमापात गंमत आहे. तुमचं दार १० फूट रुंद आणि ८ फूट उंच असेल, तर बिल ८० चौरस फुटांचं येत नाही. वर गुंडाळी होते, त्यासाठी उंचीत फूटभर वाढवून ९० धरतात. २५० च्या दराने २२,५०० होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,५५०. भाव विचारतानाच "जीएसटी आणि फिटिंग धरून का?" हे विचारून घ्या, भाऊ.

पत्र्याचा गेज कागदावर लिहून घ्याच. आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, म्हणजे १८ गेज हा २० पेक्षा मजबूत. स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक वेळा इथेच काटछाट झालेली असते.

मोटर हवी असेल तर आणखी २० ते ३० हजार. वीज गेल्यावर साखळीने उघडता येईल अशीच घ्या, पावसाळ्यात आपल्याकडे वादळ आलं की लाइट जातेच.

पश्चिमेकडे तोंड असेल तर मे महिन्यात ४५ अंशांत साधा पत्रा तव्यासारखा तापतो. तिथे आत फोम भरलेलं सेक्शनल दार (आडव्या फळ्या जोडून केलेलं, वर सरकत जाणारं) उत्तम, पण ते लाखाच्या पुढे जातं. गॅरेजमध्ये फक्त गाडीच उभी राहणार असेल तर एवढा खर्च मी करणार नाही.