बीटिंग रिट्रीटमध्ये बॅगपाइप वाजवताना कसं वाटतं? इतकी माणसं एका सुरात कशी वाजवतात?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत: बीटिंग रिट्रीटला, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणाऱ्या सैन्याच्या बँडच्या समारंभात, २९ जानेवारीच्या संध्याकाळी दिल्लीच्या विजय चौकात बॅगपाइप वाजवताना काय वाटतं, एवढी माणसं एका सुरात कशी वाजवतात, आणि शाळेच्या पाइप बँडमध्ये असलेल्या तुमच्या भाच्याला पुढेमागे तिथे वाजवायला मिळेल का. मी बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री सेंटरचा पाइपर म्हणून तिथे वाजवलं आहे. आता निवृत्त आहे आणि वेळही आहे, त्यामुळे थोडं पाल्हाळ होईल.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरानं तुमचा हिरमोड होणार. वाजवणाऱ्याला समारंभ दिसतच नाही. पुढच्याची मान, त्याच्या खांद्यावरच्या तीन नळ्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याचा खांदा, संपलं. राष्ट्रपतींचे अंगरक्षक घोड्यांवरून कधी आले, सीमा सुरक्षा दलाचे उंट वर कधी उभे राहिले, नॉर्थ ब्लॉक-साउथ ब्लॉकवरचे दिवे कसे लागले, हे सगळं मला घरच्यांनी सांगितलं. त्यांनी ते टीव्हीवर बघितलं होतं. ऊर भरून येतो का म्हणाल, तर येतो, पण नंतर, परतीच्या बसमध्ये. वाजवताना ऊर भरून आला तर पिशवीत हवा कोण भरणार?

आता सुराचं. खरी गंमत इथे आहे, आणि खरं कामही.

बॅगपाइपला एक पिशवी, फुंकायची एक नळी, बोटं चालवायची चांटर नावाची नळी आणि खांद्यावर टाकलेले तीन ड्रोन. ड्रोन म्हणजे आपला तंबोराच: दोन ड्रोन षड्जाच्या एक सप्तक खाली आणि तिसरा, लांबडा, दोन सप्तकं खाली, अखंड घुमत राहतात. चांटरवर सूर मोजून नऊ. हा षड्ज काळी पाचला (हार्मोनियमच्या पाचव्या काळ्या पट्टीला) येतो, बहुधा थोडा चढाच. तिथून वर मोजत गेलात तर रे, ग, म, प, ध शुद्ध आणि निषाद कोमल. म्हणजे वाद्याच्या अंगातच खमाज आहे म्हणा. भूप मस्त वाजतो. यमन वाजत नाही, कारण तीव्र मध्यम आणायचा कुठून? गाणं निवडणाऱ्या साहेबांना हे समजावताना आमच्या पाइप मेजरच्या, म्हणजे पाइप बँडच्या प्रमुखाच्या, तोंडाला फेस यायचा. लोकप्रिय गाणं आहे म्हणून पाइपवर बसेलच असं नाही.

शिवाय या वाद्यात हळू-जोरात नाही. पिशवीवरचा दाब कमी केला तर आवाज लहान होत नाही, सूर पडतो. मध्ये थांबताही येत नाही. एकच सूर सलग दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या सुराचा निसटता कण घालावा लागतो, नाहीतर दोन्ही मिळून एकच लांब सूर ऐकू येतो. ऐकणाऱ्याला जी नक्षी वाटते ती बऱ्याचदा अशी गरजेपोटी आलेली असते.

पितळी बँडबरोबर वाजवायचं असेल तर आमचा चढा षड्ज खाली आणून त्यांच्या काळी पाचला मिळवावा लागतो. चांटरची रीड, म्हणजे सूर काढणारी पातळ पत्ती, किंचित बाहेर ओढली की सगळे सूर उतरतात, आत दाबली की चढतात. एखादाच सूर चढा बोलत असेल तर त्या भोकाच्या वरच्या कडेला चिकटपट्टीची चिंधी लावायची, मग तेवढाच उतरतो. ड्रोन लांब केला की खाली, आखूड केला की वर. पाइप मेजर रांगेतून फिरत एकेकाच्या चांटरला कान लावतो, मग एकेक ड्रोन. एका बँडचं काम झालं की दुसऱ्या रेजिमेंटच्या बँडशी मिळवायचं. तिथे वेगळ्या कंपनीचे चांटर, वेगळ्या रीड, वेगळा उस्ताद, आणि प्रत्येकाला आपलाच सूर खरा वाटतो. सराव म्हणतात त्यातला मोठा भाग हाच. धून तर सगळ्यांची आधीच पाठ असते.

आणि एवढं करून दिल्लीची थंडी ते सगळं मोडते. चांटर गार पडला की सूर उतरतो, श्वासाने तापला की चढतो. पहाटेच्या रिहर्सलला धुक्यात बोटं लाकडासारखी होतात आणि हातमोजे घालायची सोय नाही, भोकं उघड्या बोटांनीच झाकावी लागतात. सूर मिळवून झाल्यावर पुढची हालचाल होईपर्यंत उभं राहावं लागतं, तेवढ्यात वाद्य पुन्हा गार. म्हणून उभे असलेले पाइपर चांटर हाताच्या पंजात धरून ठेवतात. बघणाऱ्याला ती शिस्तीची ऐट वाटते. पाऊस आला तर मग विचारूच नका. २०२३ ला ऐन समारंभात पाऊस आला, आकाशातला ड्रोनचा (उडत्या यंत्रांचा, आमच्या नळ्यांचा नव्हे) खेळ रद्द झाला, बँड मात्र वाजले. त्या वर्षी सगळ्या धुना भारतीय रागांवर बेतलेल्या होत्या. ओल्या बोटांनी ते वाजवणाऱ्यांना माझा सलाम.

दुसरी अडचण अंतराची. एवढा मोठा ताफा चौकात पसरला की ढोल आणि शेवटची रांग यांच्यात चाळीस-पन्नास मीटर सहज पडतात. आवाजाला तेवढं अंतर कापायला सेकंदाचा सातवा-आठवा भाग लागतो. मिनिटाला १२० पावलांच्या चालीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं, म्हणजे ढोल कानाला ऐकू येईपर्यंत पाव पाऊल उशीर झालेला असतो. म्हणून उस्ताद पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडतात: दूरच्या ढोलावर जाऊ नका, पाय बघा, ड्रम मेजरची काठी बघा. आम्हा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांना अजून एक त्रास. आमची रोजची चाल बाकी पायदळापेक्षा जलद. मास्ड बँडमध्ये, म्हणजे अनेक बँड एकत्र वाजवतात तेव्हा, ती आवरून सगळ्यांच्या कदमाला यावं लागतं, आणि अंगवळणी पडलेले पाय सहजासहजी ऐकत नाहीत. त्यात रायसीना टेकडीवरून खाली यायचं. उतारावर पाऊल आपोआप लांब पडतं, काखेतली पिशवी हिंदकळते आणि सूर डगमगतो.

सुरुवात कशी होते ते टीव्हीवर नीट बघा. ढोलांचे दोन रोल, म्हणजे सलग गडगडाट, होतात. पहिल्यावर पिशवी दाबून ड्रोन चालू करायचे, दुसऱ्यावर सगळ्यांनी एकच सूर धरायचा, मग धून. एखाद्याचा चांटर आधीच बोलला की ती किंकाळी सगळ्या चौकाला ऐकू जाते. शेवट त्याहून अवघड. शेवटच्या ठोक्याला सगळ्यांची पिशवी एकदम सैल झाली पाहिजे. एकाच्याही पिशवीत हवा उरली तर ती केविलवाणी कण्हत बाहेर येते. मग तो पाइपर कोण हे बँडमधल्या प्रत्येकाला वर्षभर आठवत राहतं.

माझं मत विचाराल तर मास्ड बँडमधला चांगला पाइपर म्हणजे ज्याचा आवाज वेगळा ऐकू येत नाही तो. एकट्याने झकास वाजवणारे कितीतरी जण इथे गडबडतात, कारण त्यांना आपली नक्षी दाखवायचा मोह आवरत नाही.

समारंभाबद्दल थोडक्यात. सूर्यास्ताला लढाई थांबवून सैन्याने छावणीत परतायचं, ही जुनी पद्धत. आपल्याकडचा मास्ड बँडचा सोहळा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मेजर रॉबर्ट्स यांनी बसवला. शेवटी बिगुलावर रिट्रीट वाजतं, झेंडे उतरतात, बँडमास्तर राष्ट्रपतींपुढे जाऊन बँड परत नेण्याची परवानगी मागतो आणि ‘सारे जहाँ से अच्छा’ वाजवत सगळे निघतात. २०२२ मध्ये ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती प्रार्थनागीत वगळून ‘ऐ मेरे वतन के लोगो’ घेतलं, तेव्हा बरीच चर्चा झाली. मला जुन्या धुनेत वाजणाऱ्या घंटा आवडायच्या, पण नव्या गाण्याबद्दलही तक्रार नाही. कवी प्रदीपांचे शब्द, लताबाईंचा आवाज आणि चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची.

दोनदा हा सोहळा रद्दही झाला आहे: २००१ ला भूजच्या भूकंपानंतर आणि २००९ ला माजी राष्ट्रपती वेंकटरामन यांच्या निधनामुळे. एवढा सराव करून वाद्यं पेटीत घालून परत जायचं, तेही निमूटपणे.

आता भाच्याचं. शाळेत असतानाच दिल्ली गाठायचा एक रस्ता आहे. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने संरक्षण आणि शिक्षण मंत्रालय मिळून शाळांच्या बँडची राष्ट्रीय स्पर्धा घेतात, त्यात पाइप बँडचे मुलांचे आणि मुलींचे गट वेगळे असतात आणि अंतिम फेरी दिल्लीत होते. शाळेने नाव घातलं आहे का ते आधी विचारा. पुढे विजय चौकातच वाजवायचं असेल तर गणवेश लागतो. नौदल आणि हवाई दल वादकांची वेगळी भरती काढतात, पण पाइपवाल्यांचं खरं घर पायदळ. आणि एक गोष्ट त्याच्या आईबाबांना आधीच सांगा: पायदळातला बँडवाला आधी जवान असतो. रायफल, धावणं, सगळं बाकीच्यांसारखंच, आणि लढाईत जखमींना उचलून आणायचं, प्रथमोपचार करायचे हे काम परंपरेने बँडवाल्यांकडे येतं. त्याचंही प्रशिक्षण असतं. निवडक लोकांना पुढे पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकायला पाठवतात, आणि तिथे मन लावून शिकलं तर मोठी मजल मारता येते.

घरी सरावासाठी पूर्ण बॅगपाइप घेऊ नका. बाजारात भिंतीवर टांगायच्या लायकीचे स्वस्त सेट भरपूर मिळतात, त्यांच्यावर सूर लागत नाही आणि पोराला वाटतं आपलंच चुकतंय. साधा प्रॅक्टिस चांटर घ्या. पिशवी नाही, ड्रोन नाहीत, आवाज बेताचा, त्यामुळे शेजारीही तक्रार करणार नाहीत. आधी वर्ष-दोन वर्षं बोटं त्याच्यावर बसू देत. आणि खुर्चीत बसून वाजवू नको म्हणावं, अंगणात चालत वाजव, डावा पाय ठेक्यावर पडला पाहिजे.