धूर की धूळ? नुसत्या रंगावर जाऊ नका

उपग्रहाच्या चित्रात दिसतो तो धूर की धूळ, हे ओळखायचं असेल तर सुरुवात नासाच्या वर्ल्डव्ह्यू या उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावर करा, पण खऱ्या रंगाच्या चित्रावर थांबू नका. धूर निळसर-करडा, धूळ पिवळसर-तपकिरी दिसते खरी; पण नोव्हेंबरात पंजाबातल्या पराळीचा (शेतात जाळलेल्या भाताच्या खुंटांचा) धूर धुक्यात मिसळला की डोळा हमखास फसतो. म्हणून एरोसोल इंडेक्सचा, म्हणजे हवेतले प्रकाश शोषणारे कण दाखवणारा थर चढवा. त्यात धूर आणि धूळ दोन्ही उठून दिसतात, साधे ढग शून्याच्या आसपास राहतात. मग कोपर्निकस ब्राउझर या युरोपीय उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावर ट्रोपोमी या उपग्रहावरच्या उपकरणाने मोजलेला कार्बन मोनॉक्साइड पाहा: इंडेक्ससोबत तोही वाढलेला असेल तर धूर, नेहमीइतकाच असेल तर बहुधा धूळ. सरावाला २३ जानेवारी २०२२ घ्या. त्या दिवशी अरबी समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबई झाकोळली होती.

आग कुठे लागली ते फर्म्स या नासाच्या आगींच्या नकाशावर दिसतं; पण त्यावरचा व्हिअर्स या उपग्रहावरच्या उपकरणाचा ठिपका म्हणजे ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य, आगीची नेमकी जागा नव्हे. व्हिअर्स असलेला उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास जातो. त्यानंतर पेटून रात्रीच्या फेरीआधी विझलेली आग नोंदलीच जात नाही. दाट ढगाखालचीही सुटते. ठिपके नाहीत म्हणून आग नाही, असं कधीही लिहू नका.

एओडी (हवेतले कण प्रकाश किती अडवतात याचा आकडा) जमिनीपासून वरपर्यंतच्या पूर्ण हवेच्या स्तंभाचं मोजमाप असतं. धूर तीन किलोमीटर उंचावर असेल तर खाली हवा स्वच्छही असू शकते, तेव्हा जमिनीवरच्या हवा-मापन केंद्राचा पीएम २.५ (सूक्ष्म कणांचं प्रमाण) जरूर ताडून पाहा.