उपवनचा फोटो सपाट का येतो?

प्रश्न : उपवन तलावावर संध्याकाळी फोटो काढतो. आकाश पांढरंफटक, डोंगर काळा आणि मधे नुसतं पाणी. कॅमेऱ्याला १८-५५ मिमीची लेन्स आहे. काय चुकतं?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : चुकते ती वेळ. येऊरचे डोंगर तलावाच्या पश्चिमेला आहेत. संध्याकाळी सूर्य त्यांच्या मागे जातो, म्हणून डोंगर काळा पडतो. तिथे सूर्योदयानंतर लगेच जा. कोवळं ऊन थेट डोंगरावर येतं.

दुसरं, पाण्याच्या अलीकडे काहीतरी हवं. ओली पायरी, तीत साचलेलं पाणी, त्यावर चिकटलेलं एखादं पान. ट्रायपॉड गुडघ्याइतका खाली घ्या. लेन्स १८वर (सगळ्यात रुंद दृश्य), एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान), आयएसओ १०० (प्रकाशाची संवेदनशीलता कमी), फोकस हाताने दीड मीटरवर. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरवर पाऊण मीटरपासून डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येईल. फोकस डोंगरावर ठेवलात तर पायरी पुसट येते. क्षितिज मधोमध नको. आकाश कोरं असेल तर त्याला वरची पट्टीच पुरे. प्रतिबिंबाला मात्र खरंच मधोमध शोभतं, तिथे नियम खुशाल मोडा.

संध्याकाळच हवी असेल तर ठाणे खाडीच्या नवी मुंबईच्या बाजूला, ऐरोलीकडे जा. तिथून सूर्य पाण्यापलीकडे मावळतो. आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा : भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. ओहोटीत चिखलातल्या वळणदार ओहळांच्या रेषा आयत्या मिळतात. पण चिखलात उतरू नका, पाय रुततो.